न पाहिलेल्या पाखराची वाट

सेमिनरीत शिकलेल्या लॅटिन भाषेपैकी फारच थोडे शब्द आज माझ्या जिभेवर उरले आहेत. त्यांपैकी एक आहे 'सेस्क्विपेदालिस'. 'सेस्क्वी' म्हणजे दीड आणि 'पेस' म्हणजे पाऊल. म्हणून दीड फुटी. रोमन कवी होरेस याने लांबलचक, भारदस्त शब्दांची टर उडविताना हे विशेषण योजले होते आणि प्रवचनाच्या सरावात लांबण लावणाऱ्या सोबत्यासाठी आम्ही विद्यार्थीही ते मोठ्या आवडीने वापरीत असू. पुढे कितीतरी वर्षांनी हाच शब्द मला एका फुलाच्या नावात भेटला. 'अँग्रेकम सेस्क्विपेदाले' हे त्या फुलाचे शास्त्रीय नाव. नावाचा पूर्वार्ध मलाय भाषेतील 'अंग्रेक' म्हणजे आमरी या शब्दावरून आलेला आणि उत्तरार्ध आमच्या वर्गातल्या त्या थट्टेचा! हे फूल मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. पाहिली आहेत ती चित्रे. तरीही त्याने माझ्या मनात जे घर केले आहे, त्याविषयी वाचकांशी दोन शब्द बोलावेत असे वाटते.

आफ्रिकेच्या आग्नेयेस मादागास्कर नावाचे विशाल बेट आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्रसपाटीपासून फारशा उंच नसलेल्या पर्जन्यवनात ही आमरी झाडांच्या खोडांवर व फांद्यांवर वस्ती करून राहते. क्वचित ती खडकावरही आढळते. जगात अन्यत्र कोठेही ती नैसर्गिक अवस्थेत उगवत नाही. जाड, कातड्यासारखी चिवट पाने दोन्ही बाजूंना ओळीने फुटतात आणि करड्या रंगाची बोटाएवढी मुळे सालीला घट्ट मिठी मारतात. त्या मुळांवर एक स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे थेंब आणि हवेतील ओलावा ते शोषून घेते.

झाडावर झाड दिसले की आपण मराठी माणसे लगेच 'बांडगूळ' हा शब्द उच्चारतो आणि दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसालाही तीच शिवी देतो. परंतु आमरी ही बांडगूळ नव्हे. बांडगूळ यजमान वृक्षाच्या अंगात मूळ घुसवून त्याचा रस ओढून घेते. आमरी वृक्षाकडून केवळ जागा घेते. अन्नपाण्याची सोय ती पाऊस, वारा, सालीवर साचलेला पालापाचोळा आणि सूर्यप्रकाश यांतून स्वतःच करते. आपल्या सह्याद्रीत आंब्या-जांभळाच्या फांदीवरून पावसाळ्याच्या तोंडाला लोंबणारी सीतेची वेणी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे नाते वेगळे समजावून सांगायला नको. मोठ्याने लहानाला खांद्यावर घ्यावे आणि लहानाने त्या खांद्याला भार होऊ नये, असे ते नाते आहे.

या आमरीचे फूल शुभ्र, मेणाच्या घडणीचे आणि चांदणीच्या आकाराचे असते. उमलताना त्यावर हिरवट झाक असते, नंतर ते पांढरे होते. मादागास्करच्या जंगलात ते जून ते सप्टेंबर या महिन्यांत फुलते. परंतु युरोपातील काचगृहांत त्याचा बहर नाताळच्या सुमारास येतो. म्हणून तिकडचे लोक त्याला 'बेथलेहेमचा तारा' म्हणतात. ताऱ्यामागे शेपटी असावी तशी फुलाच्या मागे एक हिरवट, पोकळ नळी लोंबत असते. नावात दीड फूट असले तरी ही नळी साधारणपणे फूटभर भरते. फुलाचा मधुरस या नळीच्या अगदी तळाशी, शेवटच्या दीडएक इंचात साठलेला असतो. दिवसा फूल फारसे बोलत नाही. रात्र पडली की त्याचा दाट सुगंध अरण्यात पसरू लागतो.

१७९८ साली द्यु पेती-थुआर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला हे फूल मादागास्करमध्ये आढळले आणि १८२२ मध्ये त्याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ते जिवंत रोप इंग्लंडला पोहोचले १८५५ च्या सुमारास आणि ते नेले विल्यम एलिस या प्रोटेस्टंट मिशनऱ्याने. त्या काळी मादागास्करच्या राणीने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली होती आणि तेथील अनेक ख्रिस्ती बांधवांनी श्रद्धेपायी प्राण वेचले होते. छळ सोसणाऱ्या ख्रिस्तसभेची विचारपूस करायला गेलेल्या माणसाच्या सामानातून हे फूल बाहेरच्या जगात आले, ही गोष्ट मला लक्षात ठेवण्याजोगी वाटते.

१८६२ च्या जानेवारीत जेम्स बेटमन या आमरी-संग्राहकाने काही फुले चार्ल्स डार्विनकडे पाठविली. डार्विन त्या वेळी आमरींच्या परागीभवनावर ग्रंथ लिहीत होता. त्याने ती नळी मोजली, साडेअकरा इंच. एवढ्या खोल तळाशी ठेवलेला मधुरस कोणासाठी, हा प्रश्न त्याला पडला. त्याने एका बारीक दांडीने प्रयोग करून पाहिले. ती नळीच्या तोंडातून दाबून आत घातली आणि ओढून घेतली, तेव्हा फुलाचे परागपुंज तिला चिकटून बाहेर आले. याचा अर्थ असा की, मधुरसाच्या शेवटच्या थेंबासाठी एखाद्या कीटकाने आपले डोके फुलात अगदी खोल दाबले, तरच त्याच्या अंगाला पराग चिकटणार आणि पुढच्या फुलाला पोहोचणार. यावरून डार्विनने त्याच वर्षी लिहून ठेवले की, दहा-अकरा इंच लांबीची सोंड असलेला एखादा पतंग मादागास्करमध्ये असलाच पाहिजे. असा पतंग तोवर कोणीही पाहिलेला नव्हता. काही कीटकतज्ज्ञांनी या भाकिताची चेष्टा केली.

पाच वर्षांनी, १८६७ मध्ये, या फुलावरून एक वाद झडला. आर्गाइलचे ड्यूक हे स्कॉटलंडमधील विद्वान उमराव. त्यांनी आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, इतकी गुंतागुंतीची आणि सुंदर रचना केवळ निसर्गनियमांनी घडू शकत नाही. तिच्यामागे निर्मात्याचा थेट हात मानावाच लागेल. त्याला उत्तर दिले आल्फ्रेड रसेल वॉलेस याने. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनच्या बरोबरीने मांडणारा हा संशोधक. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ज्या फुलाची नळी किंचित अधिक लांब, त्याच्या तळाशी पोहोचण्यासाठी पतंगाला डोके अधिक दाबावे लागते आणि परागवहन अधिक चांगले होते. ज्या पतंगाची सोंड किंचित अधिक लांब, त्याला मधुरस अधिक मिळतो. पिढ्यान्पिढ्या हे चालले म्हणजे नळी आणि सोंड एकमेकींना लांबवीत जातात. वॉलेसने आफ्रिकेतील एका पतंगाची सोंड संग्रहालयात मोजली होती. ती साडेसात इंच भरली. तेव्हा दोन-तीन इंच अधिक लांब सोंडेचा भाऊबंद मादागास्करमध्ये असायला हरकत कोणती? नेपच्यून ग्रहाचा शोध खगोलशास्त्रज्ञांनी ज्या खात्रीने घेतला, त्याच खात्रीने निसर्गशास्त्रज्ञांनी हा पतंग शोधावा, असे त्याने सुचविले.

डार्विन १८८२ मध्ये निवर्तला. १९०३ मध्ये रॉथशिल्ड आणि जॉर्डन या दोघा अभ्यासकांनी मादागास्करमधील त्या पतंगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची सोंड फुलाच्या नळीला साजेशीच लांब होती. एरवी ती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. पतंगाच्या नावाला त्यांनी 'प्रेदिक्ता' हा शब्द जोडला, म्हणजे 'जिचे भाकीत केले होते ती'. तो पतंग त्या फुलातील मधुरस पिताना आणि पराग वाहून नेताना पाहण्यात आला तो १९९२ मध्ये, म्हणजे भाकितानंतर १३० वर्षांनी. आणि २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या पतंगाला स्वतंत्र जातीचा मान दिला.

ही हकिकत मी एकदा आमच्या धर्मग्रामातील युवकांच्या वर्गात सांगितली. बारावीला शास्त्र शाखेत शिकणारी एक मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, "फादर, या भांडणात आपण कोणाच्या बाजूचे? ड्यूकच्या की वॉलेसच्या?" वर्गात हशा पिकला. परंतु तिचा प्रश्न थट्टेचा नव्हता. मी म्हणालो, "बेटा, फुलाच्या बाबतीत मी वॉलेसच्या बाजूचा." माझे उत्तर ऐकून मागे बसलेल्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी भुवया उंचावल्या, म्हणून मला थोडे अधिक बोलावे लागले.

संत ऑगस्टिन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य करताना पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी ख्रिस्ती लोकांना बजावले होते की, सृष्टीविषयी अज्ञानाने बोलून तेच शास्त्रवचन आहे असे सांगू नका. अशाने ऐकणारे शास्त्राचीच टर उडवितात. संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण अशी की, परमेश्वर केवळ वस्तू निर्माण करीत नाही, तर त्या वस्तूंना स्वतः कारण होण्याचा मानही बहाल करतो. ज्या सुताराला लाकूड तासून होडी करता येते तो कुशल खरा. परंतु लाकडानेच हळूहळू होडीचा आकार घ्यावा अशी सोय ज्याने लाकडात भरून ठेवली, त्याची थोरवी काय वर्णावी? १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी मानवी देहाच्या उगमाविषयी या दिशेने संशोधन करण्यास मोकळीक दिली, मात्र आत्मा थेट परमेश्वराकडून येतो हे ठामपणे सांगितले. १९९६ च्या ऑक्टोबरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत आता निव्वळ तर्क राहिलेला नाही, असे शास्त्रज्ञांच्या परिषदेला कळविले. ज्या ठिकाणी आपले ज्ञान संपते त्याच ठिकाणी देवाला बसविण्याची सवय घातक आहे. पतंग सापडला की त्या देवाला जागा सोडावी लागते. आपला परमेश्वर फुलाचाही आहे, पतंगाचाही आहे आणि त्या दोघांना एकमेकांसाठी घडविणाऱ्या लाखो वर्षांचाही आहे.

एवढ्यावर वर्ग आटोपला असता. परंतु सगळे पांगल्यावर ती मुलगी परत आली आणि उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "फादर, सगळे नियमांनीच होत असेल, तर मम्मीसाठी आम्ही केलेल्या नोव्हेना कोणी ऐकल्या?"

आदल्या वर्षी तिची आई गेली होती. दुखणे लांबलेले होते. घरात रोज रोझरी होत असे. वाडीतले लोक येऊन गुडघे टेकीत असत. अंत्यविधीची मिस्सा मीच अर्पण केली होती. धर्मगुरूपणाच्या वर्षांत या प्रश्नाची अनेक रूपे माझ्या दारी आली आहेत, परंतु सतरा वर्षांच्या मुलीने इतक्या सरळ शब्दांत तो विचारला म्हणजे पुस्तकी उत्तर ओठांवर येत नाही. मी तिला एवढेच सांगितले की, गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः केलेली विनवणीही त्याने मागितली तशी पूर्ण झाली नाही. तरीही ती ऐकली गेली नाही असे ख्रिस्तसभेने कधी मानले नाही. ऐकणे आणि मागितलेले हाती ठेवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तिने मान हलविली. तिचे समाधान झाले की नाही हे मी तिला विचारले नाही.

त्या संध्याकाळपासून हे फूल माझ्याशी निराळेच बोलू लागले. प्रवचनकाराला मोह पडावा असा एक दृष्टांत या हकिकतीत आयता मांडून ठेवलेला आहे: फुलाची नळी एवढी खोल, त्याअर्थी तेवढ्या लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे, माणसाच्या अंतःकरणातील तहान एवढी खोल, त्याअर्थी ती शमविणारा परमेश्वर असलाच पाहिजे. दृष्टांत सुंदर आहे आणि त्यात सत्याचा अंशही आहे. परंतु त्या मुलीला तो पुरावा म्हणून देण्यास माझे मन धजावले नाही. पतंग ही शोधून सापडणारी वस्तू होती. दिवा लावून रात्री अरण्यात बसणाऱ्या कोणालाही, मग तो आस्तिक असो वा नास्तिक, ती सापडू शकत होती. डार्विनचा भरवसा साडेअकरा इंचांच्या मापावर उभा होता. आपला भरवसा मापावर नव्हे, एका व्यक्तीवर उभा आहे. क्रुसावर मेलेल्या आणि तिसऱ्या दिवशी उठलेल्या येशूवर, आणि ज्यांनी त्याला उठलेला पाहिला त्यांच्या साक्षीवर. हा फरक पुसून टाकला तर विज्ञानालाही न्याय मिळत नाही आणि श्रद्धेलाही.

पुरावा म्हणून नव्हे, तर वाट पाहण्याचा धडा म्हणून मात्र हे फूल मला फार जवळचे वाटते. जे हाती आहे ते नीट पाहायचे, त्याची कसून मोजदाद करायची आणि जे अजून दिसत नाही त्याविषयी घाईने 'नाही' म्हणायचे नाही, एवढा संयम डार्विनपाशी होता. भाकीत खरे ठरलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. नबो पर्वतावरून वचनदत्त भूमी नुसती दुरून पाहणाऱ्या मोशेची आठवण येथे होते. ब्रनो येथील मठात वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करणारे आपले ऑगस्टिनियन संन्यासी ग्रेगोर मेंडेल यांचेही तसेच झाले. १८६६ मध्ये त्यांनी आपला निबंध छापला, १८८४ मध्ये ते वारले आणि त्यांच्या कार्याचे मोल जगाला उमगले १९०० मध्ये.

याच मादागास्करच्या मातीत वाट पाहण्याचे आणखी एक उदाहरण घडले आहे. आपल्या वाचकांना ते ठाऊक असावे असे मला वाटते. व्हिक्तोआर रासोआमानारिवो ही १८४८ मध्ये जन्मलेली, तेथील पंतप्रधानांच्या घराण्यातील स्त्री आणि त्यांचीच सून. घरच्यांचा विरोध सोसून तिने १८६३ मध्ये कॅथलिक पंथाचा बाप्तिस्मा घेतला. नवरा व्यसनी व दुराचारी निघाला. तरी तिने त्याला टाकले नाही, प्रार्थना सोडली नाही. १८८३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटले आणि सारे कॅथलिक मिशनरी देशाबाहेर घालविले गेले. ना धर्मगुरू, ना मिस्सा, ना पापनिवेदन. अशा वेळी या प्रापंचिक स्त्रीने आणि राफिरिंगा नावाच्या मादागासी धर्मबंधूने विखुरलेल्या भाविकांना एकत्र ठेवले. तिने राजदरबारी रदबदली करून चर्चचे दरवाजे उघडे ठेवविले आणि लोकांना रविवारच्या प्रार्थनेला जमविले. मिशनरी केव्हा परततील, परततील की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. १८८६ मध्ये ते परतले तेव्हा त्यांना जिवंत ख्रिस्तसभा भेटली. व्हिक्तोआर यांना १९८९ मध्ये आणि राफिरिंगा यांना २००९ मध्ये धन्यवादित घोषित करण्यात आले.

अरण्यात जे फूल रोज रात्री सुगंध सोडते, त्याला पतंग येणार की नाही हे कळण्याचा मार्ग नसतो. ते उमलून वाट पाहते, एवढेच त्याच्या हाती असते. आपल्या घरांतही अशी माणसे आहेत. परदेशी गेलेला मुलगा रविवारची मिस्सा विसरला म्हणून रोज संध्याकाळी त्याच्या नावाने एक 'नमो मरिया' अधिक म्हणणारी आई आहे. पुष्कळ वर्षे धर्मशिक्षणाचे वर्ग घेऊन त्यांतून काय रुजले हे कधीही न कळलेले शिक्षक आहेत. धर्मगुरूही त्याच पंगतीत बसतात. आम्ही बाप्तिस्मा देतो, लग्ने लावतो, कबरीवर माती टाकतो आणि दुसऱ्या धर्मग्रामात बदली होऊन जातो. पेरलेल्याचे पीक बहुधा दुसराच कोणी पाहतो.

या हकिकतीला एक काळजीची बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. आमरीचे बीज धुळीच्या कणाएवढे असते. त्याच्या पोटी शिदोरी नसते, म्हणून विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. पुढे आधाराला वृक्ष लागतो आणि फळ धरण्यासाठी तो लांब सोंडेचा पतंग लागतो. यांतील एक दुवा तुटला तर सारी साखळी निखळते. मादागास्करमध्ये सुमारे एक हजार जातींच्या आमरी आहेत; त्यांतील बहुतेक जगात दुसरीकडे कोठेही नाहीत. आणि अभ्यासकांच्या हिशेबाप्रमाणे १९५३ ते २०१४ या काळात त्या बेटावरील नैसर्गिक जंगलापैकी सुमारे ४४ टक्के जंगल नाहीसे झाले. कोकणात पूर्वी कुमरी शेती होत असे, तशीच तेथे जंगल जाळून भात पिकविण्याची रीत आहे. परंतु कुऱ्हाड उचलणारा तो शेतकरी दरिद्री आहे. त्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. २०१९ च्या सप्टेंबरात पोप फ्रान्सिस मादागास्करला गेले, तेव्हा त्यांनी जंगलतोडीविषयी चिंता व्यक्त केलीच, परंतु जंगलावर पोट असलेल्या लोकांना उपजीविकेचे दुसरे साधन मिळाले पाहिजे, हेही सांगितले. 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकात त्यांनी हीच जाणीव दिली होती की, आपल्यामुळे नष्ट झालेली प्रत्येक जात परमेश्वराचे गौरव गाणाऱ्या सृष्टीतील एक आवाज कायमचा बंद करते आणि तसे करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

डार्विनच्या हाती फूल होते आणि पतंगाची वाट पाहायची होती. आपल्या नातवंडांच्या हाती फक्त चित्र राहावे आणि वाट पाहण्यासारखे काही उरूच नये, अशी वेळ आपण आणू नये. मादागास्कर दूर आहे खरे, परंतु आपल्या वाडीतला जुना आंबा तोडताना त्याच्या खांद्यावर कोण वस्तीला आहे हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही.

आगमनकाळ हा आपल्या उपासनावर्षाचा प्रारंभ. वाट पाहण्यासाठी ख्रिस्तसभेने राखून ठेवलेले हे चार आठवडे आपण बहुधा खरेदीत आणि फराळाच्या तयारीत घालवितो. येत्या आगमनकाळात घरातील क्रिब सजविताना, गोठ्यावर कागदी तारा टांगताना, दूरच्या अरण्यात अंधारात उमलणाऱ्या त्या दुसऱ्या ताऱ्याची एकदा आठवण करावी. ज्यांच्या प्रार्थनेला अजून उत्तर दिसलेले नाही, त्यांच्यासाठी घरातल्या सर्वांनी मिळून एक रोझरी म्हणावी. आणि आपल्या मुलांनी अवघड प्रश्न विचारले तर त्यांना गप्प बसवू नये. प्रश्न घेऊन उंबऱ्याशी येणारे मूल अजून आपल्या उंबऱ्याशी येते आहे, याबद्दल परमेश्वराचे आभार मानावेत.